घटस्फोटानंतरचा अर्धा वाटा : दहा वर्षांची अट आली कुठून?

अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे पगारातून कापलेल्या करावर चालणाऱ्या सरकारी निवृत्तिवेतनाचा, अर्ज भरताना आधीच्या लग्नांची चौकशी होते. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त टिकलेलं लग्न असेल तर ते कधी झालं, कुठे झालं, कधी आणि कशाने संपलं, हे सगळं विचारतात. आपल्याकडच्या अनेकींना हा प्रश्न नकोसा वाटतो. मिटलेलं प्रकरण पुन्हा कशाला उकरायचं, म्हणून त्या घाईघाईने पुढे सरकतात. पण माजी नवऱ्याच्या कमाईच्या नोंदीवर दरमहा काही शे डॉलर मिळणार की नाही, हे याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरू शकतं. यातली एकेक अट एकेका वर्षी कायद्यात आली आहे. ती का आली हे कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १४ ऑगस्ट १९३५ रोजी मूळ कायद्यावर सही केली, तेव्हा त्यात बायकोचा उल्लेखच नव्हता. ज्याच्या पगारातून कर कापला, त्यालाच निवृत्तिवेतन, एवढाच हिशेब होता. १९३९च्या दुरुस्तीने तो बदलला. पासष्ट वर्षांच्या पत्नीला नवऱ्याच्या मूळ रकमेच्या निम्मे, शिवाय विधवा आणि मुलांनाही लाभ. दोघांच्या घराला एकट्यापेक्षा जास्त लागतं, असा त्यामागचा विचार. म्हणजे हा ‘अर्धा वाटा’ बाईने घरात केलेल्या कामाचा मोबदला म्हणून आलाच नाही. तो ‘आश्रित’ म्हणून आला, आणि पुढची सगळी गुंतागुंत या एका शब्दातून निघाली. घटस्फोट झाला की बाई आश्रित उरत नाही, म्हणून तिचा हक्कही संपला. तीस वर्षं संसार केलेला असला तरी शून्य.

१९५० साली दार किंचित किलकिलं झालं. माजी नवरा वारला असेल, त्याचं मूल ती सांभाळत असेल आणि तिचा खर्च त्याच्याकडून चालत असेल, तरच तिला काही मिळे. खरी सुरुवात १९६५ची. ज्या कायद्याने मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, आणलं, त्याच कायद्याने घटस्फोटित पत्नीला माजी नवऱ्याच्या नोंदीवर निवृत्तीचा लाभ दिला. अटी मात्र दोन, आणि दोन्ही जड : लग्न किमान वीस वर्षं टिकलेलं हवं आणि त्याच्याकडून पोटगी वा आधार मिळत असल्याचा पुरावा हवा. ज्या नवऱ्याने पोटगी बुडवली, त्याच्याच बायकोला सरकारनेही नाकारायचं, असा हा उफराटा न्याय होता. आधाराची अट १९७२ साली गेली. वीस वर्षांची अट राहिली, आणि त्याच काळात कॅलिफोर्नियाने १९७०पासून कुणाचा दोष सिद्ध न करता घटस्फोट द्यायला सुरुवात केली. इतर राज्येही त्याच वाटेने गेली. अठरा-एकोणीस वर्षांचे संसार मोडू लागले आणि त्या बायका अगदी काठावर अडकल्या. १९७७च्या दुरुस्तीने वीसची दहा वर्षं केली. ती जानेवारी १९७९पासून लागू झाली आणि आजतागायत तशीच आहे.

ही दहा वर्षं मोजताना सर्वांत जास्त घोळ होतो. मोजणी लग्नाच्या तारखेपासून घटस्फोट कायद्याने अंमलात येईपर्यंत होते. वेगळे राहायला लागलात ती तारीख इथे चालत नाही, अर्ज दाखल केल्याचीही नाही. त्यामुळे शेवटची दोन वर्षं एकाच छताखाली नसलात तरी ती धरली जातात. उलट नऊ वर्षं अकरा महिन्यांवर हुकूम झाला तर काही मिळत नाही. तडजोड नाही, सवलत नाही. कॅलिफोर्नियाच्या निकालपत्रावर वैवाहिक दर्जा संपण्याची तारीख वेगळी लिहिलेली असते. ती शिक्क्याच्या तारखेच्या पुढची असू शकते. तीच पाहावी. लग्न पुण्यात झालं आणि पहिली पाच वर्षं तिथेच गेली, तरी ती पाच वर्षं मोजली जातात. लग्न कुठे नांदलं याच्याशी दहाच्या आकड्याचा संबंध नाही. ज्यांचा दहावा वाढदिवस तीन-चार महिन्यांवर आहे, त्यांनी वकिलाला ही गोष्ट आधी सांगावी. वकील ती आपणहून काढतीलच असं नाही.

पुरुषांचं काय? १९५०पासून पतीलाही लाभ होता, पण आपण बायकोवर अवलंबून होतो हे त्याला सिद्ध करावं लागे. पत्नीला तसं काही दाखवावं लागत नसे. या भेदाविरुद्धच्या खटल्यांत वकील रूथ बेडर गिन्सबर्ग (पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश) यांनी युक्तिवाद केले. १९७५चा वाइझनफेल्ड आणि मार्च १९७७चा गोल्डफार्ब हे त्यांतले दोन. गोल्डफार्बमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी विधुरांवरची अवलंबित्वाची अट रद्द केली. १९८३ साली कायद्याची भाषाच बदलून स्त्री-पुरुषांना सारखी झाली.

१९८३च्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी तेच. तोवर माजी नवऱ्याने स्वतःचा अर्ज केल्याशिवाय तिला काही मिळत नसे. तो सत्तरीपर्यंत नोकरी करत बसला की हिचंही अडलं. काही जण मुद्दाम बसतही. जानेवारी १९८५पासून नियम असा झाला : तो बासष्ट वर्षांचा आहे, हक्काला पात्र आहे आणि घटस्फोटाला दोन वर्षं झाली आहेत, तर त्याने अर्ज केला असो वा नसो, ती करू शकते. तो आधीच लाभ घेत असेल तर दोन वर्षंही थांबावं लागत नाही.

तिने अर्ज केल्याचं त्याला कळवलं जात नाही. त्याच्या रकमेतून एक डॉलरही कमी होत नाही, त्याच्या आताच्या बायकोच्याही नाही. दहा-दहा वर्षांची दोन लग्नं मोडलेल्या माणसाच्या नोंदीवर दोन्ही माजी पत्नी आणि सध्याची पत्नी अशा तिघी लाभ घेऊ शकतात. तडजोडीच्या कागदात ‘सोशल सिक्युरिटीवरचा हक्क सोडते’ असं वाक्य कुणी घातलं असेल, तर त्याला काडीची किंमत नाही. हा हक्क खाजगी कराराने सोडता येत नाही.

आता आकडे. समजा माजी नवऱ्याची मूळ रक्कम, म्हणजे पूर्ण निवृत्तीवयाला मिळणारी, २,४०० डॉलर आहे. तिची स्वतःची ७०० आहे आणि जन्म १९६० किंवा नंतरचा, म्हणजे पूर्ण वय ६७. निम्मे होतात १,२००. तिला दोन रकमा सुट्या मिळत नाहीत. आधी तिचे ७००, त्यावर फरकाचे ५००. बासष्टीला घेतलं तर तिचे ७०० तीस टक्क्यांनी घटून ४९० होतात आणि फरकाचे ५०० पस्तीस टक्क्यांनी घटून ३२५. एकूण ८१५, आणि ती घट जन्मभराची. सदुसष्टला पूर्ण १,२००. सत्तरीपर्यंत थांबून तिची स्वतःची रक्कम ८६८ झाली, तरी वरचा फरक ३३२वर येतो आणि बेरीज पुन्हा १,२००च. म्हणजे या उदाहरणात सदुसष्टनंतर थांबण्यात काही अर्थ नाही. तिची स्वतःची मूळ रक्कम १,२००हून जास्त असती तर माजी नवऱ्याच्या नोंदीचा उपयोगच नव्हता. त्याने लवकर घेऊन स्वतःची रक्कम घटवली असली, तरी तिचा निम्मा त्याच्या मूळ रकमेवरच मोजतात.

तिने पुन्हा लग्न केलं तर हा लाभ सहसा थांबतो. त्याने केलं तर काही फरक पडत नाही. तो वारला की गणित बदलतं. निम्म्याच्या जागी पूर्ण रकमेपर्यंत, साठाव्या वर्षापासून, साठीला ७१.५ टक्के. साठीनंतर केलेलं लग्न या लाभाच्या आड येत नाही. शिवाय आधी हा लाभ घेऊन स्वतःचा सत्तरीपर्यंत वाढू देता येतो. जिवंत जोडीदाराच्या बाबतीत अशी निवड आता नाही. ती २०१५च्या अर्थसंकल्पी कायद्याने बंद केली, फक्त २ जानेवारी १९५४पूर्वी जन्मलेल्यांना मुभा ठेवली. ते सगळे आता सत्तरीपार गेले. तरी ‘आधी नवऱ्याचं घ्या, आपलं वाढू द्या’ हा जुना सल्ला अजून फिरतो. तो सोडून द्यावा.

अलीकडचा बदल ५ जानेवारी २०२५च्या कायद्याचा. सोशल सिक्युरिटी न कापणाऱ्या राज्य वा स्थानिक सरकारी नोकरीचं निवृत्तिवेतन असलं, की त्याचे दोन-तृतीयांश पती-पत्नीच्या लाभातून वजा होत. शिक्षिकेचं निवृत्तिवेतन १,८०० असेल तर वजावट १,२००, म्हणजे वरच्या उदाहरणातला अख्खा निम्मा साफ. ही वजावट मागल्या तारखेने, म्हणजे जानेवारी २०२४च्या लाभापासून, रद्द झाली. शून्यच हातात येणार म्हणून ज्यांनी कधी अर्जच केला नाही, त्यांना आता नव्याने करावा लागतो. आपोआप काही सुरू होत नाही.

मराठी घरांत याचं महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदार म्हणून, आलेल्यांना मे २०१५पर्यंत नोकरीची परवानगीच नव्हती, आणि त्यानंतरही ती सर्वांना नाही. त्यामुळे स्वतःचे चाळीस क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, अनेकींकडे नाही. भारत-अमेरिका सामाजिक सुरक्षा करार नसल्याने इकडच्या नोकरीची वर्षं तिकडे जोडता येत नाहीत. आणि भारतातल्या सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनात घटस्फोटित पत्नीला जागा नाही (घटस्फोटित मुलीला आईवडिलांचं, अटींवर, मिळू शकतं). म्हणून असा काही हक्क अमेरिकेत असेल हे डोक्यातच येत नाही.

कागद तीन : जन्माचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला, घटस्फोटाचा अंतिम हुकूम. झेरॉक्स चालत नाही. मूळ प्रत किंवा देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली नक्कल लागते. लग्न महाराष्ट्रात होऊन नोंदवलंच नसेल तर ते काम आधी हाती घ्यावं, कारण दोघांच्या सह्यांची वेळ घटस्फोटानंतर अवघड होऊन बसते. त्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक माहीत नसेल तर एकत्र भरलेलं जुनं कर-विवरण काढावं, त्यावर दोघांचे क्रमांक असतात. तेही नसेल तर त्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि आईवडिलांची नावं देऊन शोधता येतं.

कायमचं भारतात परतणाऱ्या बिगर-अमेरिकी नागरिकांसाठी अट आणखी एक. अमेरिकेबाहेर सलग सहा महिने झाले की पैसे थांबतात. ते चालू राहण्यासाठी तिने अमेरिकेत एकूण पाच वर्षं काढलेली असावी लागतात, आणि त्या काळात हा विवाहसंबंध असावा लागतो. मिळालेल्या रकमेतून २५.५ टक्के कर तिथेच कापला जातो.