वकिलाविना प्रांताकडे: कोकणातल्या ज्येष्ठांच्या कायदेशीर मदतीची पार्श्वभूमी

कोकणात म्हातारपणी कोर्टाची पायरी चढावी लागते ती बहुतेकदा घर-आगरापायी. 1949 च्या कायद्याने खोती (गावच्या जमिनीवरचा खोतांचा वतनी हक्क) गेली, कूळकायद्याने जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर आल्या. पण घराघरांतली वाटपं राहिली ती राहिलीच. चार गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची ही रांग, त्यातले निम्मे मुंबईला. अशा दाव्यात वकिलाची फी एकवेळ परवडते, तारखांचे हेलपाटे नाही परवडत.

मोफत वकिलाचा विचार तसा जुना. त्यासाठी मुंबई प्रांतात 1949 सालीच न्या. एन. एच. भगवती यांची समिती बसली होती. राज्यघटनेत मोफत कायदेशीर मदतीचं कलम 39अ आलं 1976 मध्ये, विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला 1987 मध्ये आणि तो लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 ला! त्यातही मोफत वकील कोणाला, हे सांगणाऱ्या कलम 12 च्या यादीत वय हा निकष नाही. आजीला बाई म्हणून उत्पन्नाची अट न लागता वकील मिळतो. आजोबांना एरवी उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो.

खरा फरक पडला तो 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने. महाराष्ट्रात तो मार्च 2009 पासून लागू आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढे (उपविभागीय अधिकारी, म्हणजेच ‘प्रांत’) करायचा, वकिलाला मज्जाव, मुलांकडून निर्वाहभत्ता महिना 10,000 रुपयांपर्यंत. शिवाय ज्येष्ठ राहतात तिथेही अर्ज करता येतो, म्हणजे दापोलीतल्या अर्जासाठी मुंबईच्या चाकरमान्याने गावी यायचं. कोकणासाठी माझ्या मते हीच तरतूद सगळ्यात मोलाची.

मेख आहे ती कलम 23 मध्ये. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, मुलांनी सांभाळलं नाही तर परत मिळू शकते. पण 2015 पासून मुलांच्या नावे राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये झालं आणि छापील मसुद्यावर अंगठे उठू लागले. ‘आमचा सांभाळ करील’ ही ओळ त्यात घालायची कोणाला सुचत नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट सिद्ध व्हायला हवी असं म्हटलं. जानेवारी 2025 च्या निकालात मात्र कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला.

प्रांतांच्या आदेशांवरचे वाद पुढे उच्च न्यायालयात जातात. ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात. रायगड मुंबईकडेच राहिला.