‘मंदक्रोध’ : एका शब्दाची पार्श्वभूमी

लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत, नागपुरातल्या आमच्या सदरच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला बायबलातले १०३ वे स्तोत्र ठरलेले असे. आजी ओळीखाली बोट धरून वाचायची आणि देवाला लावलेल्या ‘मंदक्रोध’ या शब्दाशी बोट थांबायचे. ‘रागवायला उशीर लावतो तो,’ एवढेच सांगून पुढे जायची.

मूळ हिब्रूतला शब्दप्रयोग शब्दशः ‘लांब नाकाचा’ असा आहे. त्या भाषेत नाकाला आणि रागाला एकच शब्द. नाकावर राग असलेली माणसे आपण रोज पाहतो, त्यामुळे लांब नाकाचा देव मराठी माणसाला चटकन कळावा.

बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायात हा शब्द येतो, त्याआधी काय घडले ते महत्त्वाचे. इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू केले, मोशेने दगडी पाट्या फोडल्या. देव त्याला नव्या पाट्या घडवायला सांगतो आणि स्वतःची ओळख या शब्दात देतो. लगेच पुढच्या वचनात अपराधाला शिक्षा आहे, हेही आहे. क्षमा म्हणजे ढिलाई नव्हे, हे मला इथेच पटते. पुढे योना हा संदेष्टा नेमक्या याच गुणाची तक्रार करतो. निनवेसारख्या नगराला देवाने का सोडावे, हे त्याला सोसत नाही.

नव्या करारात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला सात वेळा क्षमा करू का? येशू म्हणतो, सातांच्या सत्तर वेळा. मग तो कर्जबुडव्या चाकराचा दाखला देतो. चाकर धन्याच्या पाया पडतो : ‘मला वागवून घ्या.’ ग्रीकमध्ये इथे धीर धरण्याचे क्रियापद आहे. आपल्या भाषांतरकारांनी त्याला ‘वागवून घेणे’ हा घरातला शब्द दिला, याचे मला फार कौतुक वाटते.

या शिकवणीची खरी कसोटी इ. स. २५० मध्ये लागली. सम्राट डेसियसने रोमी देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घेण्याचे फर्मान काढले. असे पपायरसवरचे दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत. कित्येक ख्रिस्ती जिवाच्या भीतीने झुकले आणि छळ ओसरल्यावर रडत मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दाराशी आले. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, त्यांना परत घ्यायचे नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, पश्चात्तापाचा काळ काढू द्या, मग घ्या. मंडळी फुटली, पण मुख्य प्रवाहाने दार उघडे ठेवले. ३२५ मध्ये नायसियात भरलेल्या बिशपांच्या परिषदेने नोव्हेशियनच्या अनुयायांनाही परतण्याची वाट दिली. अट अशी की ज्यांना त्यांनी नाकारले होते, त्यांच्याबरोबर एका पंगतीत बसावे.

पुढच्या शतकांत पापांगीकाराच्या रिती बदलल्या. १२१५ मध्ये रोमी मंडळीने वर्षातून एकदा तरी कबुली देणे सक्तीचे केले. १५१७ मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने आपल्या ९५ प्रबंधांपैकी पहिल्याच प्रबंधात म्हटले की विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्यच पश्चात्ताप असावे.

धीर धरून एकमेकांना वागवून घेण्याची हीच गोष्ट नागपुरातही घडली आहे, मंडळ्यांमंडळ्यांत. उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या मंडळ्यांनी एक होण्याची बोलणी १९२९ मध्ये सुरू केली. बाप्तिस्मा बाळाला द्यायचा की जाणत्या वयात, यावरून बराच काळ अडले. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. एकेचाळीस वर्षे लागली. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रिती तशाच राहू दिल्या.