ल्युपसमधला थकवा मोजायचा कसा?

ल्युपस (एसएलई) म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. तो झालेल्यांना सगळ्यात जास्त काय छळते असे विचारले, तर अनेकांच्या तोंडी पहिले उत्तर थकवा हेच असते. तरीही ल्युपसच्या रुग्णांवर तपासून पाहिलेली थकव्याची प्रश्नावली १९८९मध्ये आली.

थकवा मोजता येतो, यावरच फारसा भरवसा नव्हता. इटलीतील तुरिनचे शरीरक्रियातज्ज्ञ अँजेलो मोसो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एर्गोग्राफ बनवला. हात जखडून एका बोटाने वजन पुन्हापुन्हा उचलायचे. उचल घटत गेली की कागदावरचा आलेख उतरायचा. स्नायू दमल्याचे दिसे, माणसाला काय वाटते ते नाही. १९२१मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड मुसिओ यांनी तर थकव्याची चाचणी शोधणे सोडूनच द्यावे, असे सुचवले.

पुढे ल्युपसची तीव्रता मोजायचे तक्ते आले. टोरांटोच्या ‘स्लेडाय’मध्ये झटके, पुरळ, केसगळती, लघवीतून जाणारी प्रथिने अशा २४ बाबी आहेत, थकवा नाही. ब्रिटनच्या ‘बिलॅग’मध्ये तो सुरुवातीला होता, २००४च्या आवृत्तीत गळला. कारण समजण्यासारखे आहे. ॲनिमिया, अपुरी झोप, नैराश्य, फायब्रोमायल्जिया (अंगभर दीर्घकाळ दुखण्याचा विकार) यांनीही थकवा येतो, मग तो ल्युपसच्या खाती कसा टाकायचा? पण याची झळ रुग्णाला बसली. रिपोर्ट चांगले आणि अंथरुणातून उठवत नाही, अशा माणसाची तक्रार कागदावर येईचना.

न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूकच्या मेंदूविकारतज्ज्ञ लॉरेन क्रप आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. किती दमलात हे विचारण्यापेक्षा थकव्याने काय काय अडते, हे त्यांनी विचारले. ‘फटीग सिव्हिरिटी स्केल’मध्ये ९ विधाने आहेत: व्यायामाने थकवा येतो का, जबाबदाऱ्या पार पाडताना आड येतो का, नोकरी, घर आणि लोकांत मिसळणे यांवर परिणाम होतो का. प्रत्येकाला १ ते ७ गुण, मग सरासरी. पहिल्या अभ्यासात ल्युपसचे २९ आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचे २५ रुग्ण होते, सोबत २० निरोगी माणसे. निरोगींची सरासरी २.३, ल्युपसच्या रुग्णांची ४.७. रुग्ण वर्षानुवर्षे जे सांगत होते ते आकड्यांत उतरले, आणि माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात मोलाची घटना हीच.

नंतर प्रश्नावल्यांची भाऊगर्दी झाली. २००७मध्ये तज्ज्ञ समितीने आढावा घेतला तेव्हा ल्युपसच्या अभ्यासांत १५ वेगवेगळी साधने वापरात होती. समितीने क्रप यांच्याच मापनाची शिफारस केली.

औषधांच्या चाचण्यांत मात्र ‘फॅसिट-फटीग’ ही प्रश्नावली जास्त रुळली. ती मुळात कॅन्सरमुळे ॲनिमिया झालेल्यांसाठी केलेली. १३ विधाने, ० ते ५२ गुण. गुण जितके जास्त तितका थकवा कमी. ‘इतका दमतो की जेववतही नाही’, अशा आशयाचेही एक विधान तीत आहे. २०११मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या बेलिमुमॅब या ल्युपसवरील औषधाच्या चाचण्यांत ती वापरली गेली. तिच्यात मागच्या सात दिवसांबद्दल विचारतात. सकाळी ठीक असून दुपारी कोसळणाऱ्या व्यक्तीला त्या साऱ्या दिवसांसाठी प्रत्येक विधानापुढे एकच आकडा निवडावा लागतो, आणि तो चढउतार नोंदीत येत नाही.