अजिंठ्यामागचा खानदेश

जळगाव शहराला वाघूर धरणाचे पाणी मिळते. ही वाघूर म्हणजे अजिंठ्याची वाघोरा. सप्तकुंड धबधब्यावरून कोसळून, लेणी खोदलेल्या घोड्याच्या नालेसारख्या कड्याला वळसा घालून ती खाली उतरते आणि पुढे खानदेशात येऊन तापीला मिळते. कागदोपत्री लेणी सोयगाव तालुक्यात, म्हणजे मराठवाड्यात. पण पाण्याची वाट खानदेशाची आहे, आणि इतिहासाचीही बरीचशी.

पैठणहून उत्तरेला निघालेला व्यापारी तांडा अजिंठ्याच्या डोंगररांगेतला एखादा घाट उतरून तापीच्या खोऱ्यात येई आणि पुढे नर्मदा ओलांडून उज्जैनकडे जाई. भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी वर्षावास करावा लागे. त्यासाठी भिक्षा मिळेल इतकी रस्त्याजवळ आणि गलबला पोहोचणार नाही इतकी आडबाजूची जागा हवी. चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढल्यावर लागणारी पितळखोऱ्याची लेणी याच हिशेबातली. तिथल्या चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, खांबांवर पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, कुटुंबाचे दानलेख आहेत. खर्च राजेच करत होते असे नाही.

अजिंठ्याला पोहोचल्यावर बहुतेक जण 1 क्रमांकापासून सुरुवात करतात, कारण दारातून आत गेल्यावर तेच आधी लागते. काळाच्या क्रमाने पाहायचे तर सुरुवात 9 आणि 10 पासून करावी. 10 क्रमांकाचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानतात. आत साधारण 30 मीटर खोल, 12 मीटर रुंद, आणि अष्टकोनी खांब 39. दर्शनी भागावर ब्राह्मी लेख आहे: वासिठीपुत कटहादीने हे घरमुख, म्हणजे दर्शनी भाग, दान दिले. मागच्या अर्धगोल टोकाला स्तूप आणि त्याभोवती प्रदक्षिणेची वाट. बुद्धमूर्ती नाही. बाजूच्या छताला कोरलेल्या फासळ्यांना बांधकाम म्हणून काही काम नाही. लाकडी सभामंडपाची सवय असलेल्या कारागिरांनी ती सवय दगडातही सोडली नाही, इतकेच. मधल्या उंच कमानीला तर खऱ्याच लाकडी फासळ्या होत्या, त्यांच्या खाचा आजही दिसतात. इथून थेट 19 आणि 26 मध्ये गेले की पाचव्या शतकापर्यंत काय बदलले ते लगेच कळते. स्तूप जागेवरच आहे, पण त्याच्या पुढ्यात बुद्ध आला आहे. 19 मध्ये उभा, 26 मध्ये बसलेला.

पाचव्या शतकातले हे दुसरे पर्व वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातले. 16 क्रमांकाचे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने दिले. 17 क्रमांकाचे मात्र एका मांडलिक राजाचे. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी हे घराणे ऋषीक देशाचे, म्हणजे आजच्या खानदेशाचे, ठरवले. धाकटा भाऊ रविसांब अकाली गेला, त्या दुःखानंतर राजा दानधर्माकडे वळला असे तिथल्या लेखात आहे. त्याच लेखात अश्मक या दुसऱ्या राज्यावरच्या विजयाचाही उल्लेख येतो आणि पश्चिमेकडच्या गंधकुटीचाही, म्हणजे बुद्धाच्या दालनाचाही. ही गंधकुटी म्हणजे 19 क्रमांक मानतात. गंमत अशी की काही पावलांवरचे 26 क्रमांक अश्मकाच्या मंत्र्याच्या, भव्विराजाच्या, स्मरणार्थ भिक्खू बुद्धभद्राने खोदवले. दोन वैरी आणि कडा एकच! हरिषेणानंतर राजाश्रय आटला आणि कामे जिथल्या तिथे थांबली. 24 क्रमांकात अर्धवट सोडलेले खांब पाहा. घडवलेल्या लेण्यापेक्षा खोदाईची पद्धत तिथे जास्त समजते: आधी छत, मग खाली उतरत जाणे, आणि खांबाची जागा न फोडता ठेवणे.

भिंतींवरच्या चित्रांना सर्रास फ्रेस्को म्हणतात, ते बरोबर नाही. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग देतात. इथे कोरड्या गिलाव्यावर चिकट माध्यमातून दिला आहे. खडबडीत बेसाल्टवर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवलेला लेप, त्यावर बारीक थर, मग पांढरा हात आणि शेवटी चित्र. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग फार दूरचे नाहीत. निळा मात्र लाजवर्द या निळ्या दगडाचा, तो अफगाणिस्तानाकडून आला. दुखणे गिलाव्यातच आहे. तूस-तंतूंमुळे तो दगडाला धरून राहतो, पण त्याच तंतूंना कीड लागते. पावसाळ्यात खडकातल्या भेगांतून ओल झिरपली की लेप दगडापासून सुटतो आणि पापुद्र्यासारखा निघतो.

28 एप्रिल 1819 रोजी मद्रास फौजेतला जॉन स्मिथ शिकारीच्या वाटेवर इथे पोहोचला. 10 क्रमांकातल्या खांबावर, रंगवलेल्या आकृतीच्या अंगावरच, त्याने आपले नाव आणि तारीख खरडली. ती आता डोक्याच्याही वर दिसते, कारण तेव्हा लेण्यात गाळ भरलेला होता आणि तो त्यावर उभा होता. त्यानंतर 1844 मध्ये मेजर रॉबर्ट गिल चित्रांच्या नकला करायला आला. वर्षानुवर्षे केलेल्या त्याच्या नकलांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत जळाल्या. 1879 मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे, आणि अजिंठ्याला निघालेले बहुतेक प्रवासी त्याच गावच्या जंक्शनवरून जातात. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने दोन इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारे लेप पुन्हा बसवले, पण चित्रांवर शेलॅक, म्हणजे लाखेचे रोगण, दिले. ते पिवळे पडले, त्यावर धूळ धरली, आणि पुढच्या लोकांना ते काढत बसावे लागले.

तेव्हा पाचोरा-जामनेर ही नॅरोगेज गाडी पहूरला थांबे आणि लेण्यांकडे जाणारे तिथे उतरत. ती गाडी 2020 मध्ये बंद झाली. आता जळगावहून नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर असा साधारण 60 किलोमीटरचा रस्ता. स्वतःची गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला ठेवायची. शेवटचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने. सोमवारी लेणी बंद असतात, आणि हे न पाहता निघालेले लोक दर आठवड्याला टी-पॉइंटवरून परततात. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून पायमोजे बरोबर असावेत. उन्हाळ्यात बाहेरचा दगड पाय भाजतो. फ्लॅश चालत नाही. उन्हातून आत आल्यावर लगेच काही दिसत नाही आणि लोक दोन मिनिटांत बाहेर पडतात. खांबाजवळ पाचेक मिनिटे नुसते उभे राहावे. डोळे अंधाराला सरावले की 17 क्रमांकातल्या काळसर भिंतीवर आधी दागिने उजळतात, आणि चेहरे त्यानंतर.