अंगठ्याएवढा ऑफसाइड

२९ जून २०२४, डॉर्टमुंड. युरो फुटबॉल स्पर्धेच्या बाद फेरीत जर्मनी आणि डेन्मार्क समोरासमोर होते. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात डेन्मार्कच्या योआकिम अँडरसनने गोल केला. डॅनिश पाठीराखे नाचू लागले आणि तेवढ्यात रेफरीचा हात कानातल्या यंत्राकडे गेला. पडद्यावर संगणकाने काढलेलं चित्र आलं. गोलच्या आधी त्याचा सहकारी थॉमस डिलेनीच्या बुटाचं टोक जर्मन बचावपटूच्या पुढे होतं. सहकारी पास देत असताना असं पुढे असणं म्हणजे ऑफसाइड, त्यामुळे गोल रद्द झाला. पुढच्या काही मिनिटांतच त्याच अँडरसनच्या हाताला चेंडू निसटता लागल्याचं चेंडूमधल्या सेन्सरने पकडलं, आणि जर्मनीला पेनल्टी मिळाली. सामना २-० असा जर्मनीने जिंकला.

त्या रात्रीपासूनचा वाद फुटबॉलप्रेमींना पाठ आहे. एक म्हणतो, ‘नियम तो नियम, ऑफसाइड म्हणजे ऑफसाइड.’ दुसरा म्हणतो, ‘अरे, अंगठा पुढे असल्याने त्याला कसला फायदा झाला?’ मला गंमत वाटते ती वेगळीच. दोघेही भांडतात, पण पडद्यावरचं चित्र खरं आहे हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. माझ्या मते मुळात वाद त्यावर व्हायला हवा.

यंत्राला नावं ठेवण्याआधी माणसाचे डोळे काय करत होते तेही पाहू. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागला त्या क्षणी पुढचा खेळाडू कुठे होता, हे लाइन्समनला, म्हणजे सीमारेषेवरच्या सहायक पंचाला, ठरवायचं असतं. पास देणारा कधी कधी तीस-चाळीस मीटर दूर असतो. तिकडून इकडे नजर वळवायला निमिषभर का होईना, वेळ लागतो आणि तेवढ्यात आघाडीवीर पुढे सरकलेला असतो. शिवाय लाइन्समन शेवटच्या बचावपटूच्या अगदी रेषेत उभा नसेल, तर तिरक्या कोनामुळे मागचा खेळाडू पुढे किंवा पुढचा मागे दिसतो. डच संशोधकांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की लाइन्समनच्या बऱ्याच चुका या कोनामुळेच होतात. म्हणजे ‘आंधळा आहे का?’ असं ओरडणाऱ्या प्रेक्षकाचं निदान चुकत होतं. डोळे शाबूत होते, उभं राहायची जागा चुकत होती.

मग कॅमेरा आला. फुटबॉलच्या नियमावलीत व्हिडिओ रेफरीला, म्हणजे व्हीएआरला, २०१८ साली जागा मिळाली आणि त्याच वर्षी रशियातल्या विश्वचषकात तो वापरला गेला. पण नेहमीचा प्रक्षेपणाचा कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रं टिपतो. दोन चित्रांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो, म्हणजे २० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात काय होतं? आघाडीवीर सेकंदाला ८ मीटर वेगाने धावत असेल तर तो १६ सेंटिमीटर पुढे जातो. बचावपटू त्याला ऑफसाइडमध्ये अडकवण्यासाठी उलट दिशेने सेकंदाला ४ मीटर वेगाने बाहेर येत असेल, तर दोघांमधलं अंतर २४ सेंटिमीटरने बदलतं. चेंडूला पाय नेमका दोन चित्रांच्या मधल्या अंधारात लागला असेल तर? तरीही व्हीएआरच्या खोलीत बसलेली माणसं एक चित्र निवडत, त्यावर बारीक रेषा ओढत आणि काखेएवढ्या किंवा गुडघ्याएवढ्या फरकाने निकाल देत. ज्या मोजपट्टीवर वीतभर अंतराचीही खात्री नाही, तिच्यावर बोटभर अंतर मोजण्याचा हा प्रकार होता. शाळेच्या प्रयोगवहीत असं उत्तर लिहिलं असतं तर बाईंनी लाल शाईने गोल केला असता.

२०२२ च्या कतार विश्वचषकात ही त्रुटी बरीच कमी झाली. स्टेडियमच्या छताखाली खास बारा कॅमेरे होते. ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत. चेंडूच्या पोटात बसवलेला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. पाय लागल्याचा क्षण आता २० नव्हे, २ मिलिसेकंदांपर्यंत कळू लागला. स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात, तिसऱ्याच मिनिटाला, इक्वेडोरच्या एन्नेर व्हॅलेन्सियाचा गोल या यंत्रणेने रद्द केला. साध्या डोळ्यांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

तरी शंका उरतेच. पायाचा आणि चेंडूचा स्पर्श हा बिंदूसारखा क्षण नसतो. चेंडू दबतो, पायाला चिकटून राहतो आणि मग सुटतो. यात साधारण १० मिलिसेकंद जातात. नियम म्हणतो, पहिला स्पर्श धरा. ठीक आहे. पण बुटाचं टोक नेमकं कुठे संपतं हा शेवटी कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून संगणकाने बांधलेला अंदाज असतो. उत्तम अंदाज, पण अंदाजच. डेन्मार्कचे प्रशिक्षक कॅस्पर ह्युलमंड सामन्यानंतर मोबाइलवर ते चित्र दाखवत एका सेंटिमीटरबद्दल बोलले. मला हवा होता तो त्या सेंटिमीटरच्या पुढचा ‘अधिक-उणे’. तो त्या चित्रात कुठेच नव्हता.

क्रिकेटने या बाबतीत अधिक प्रामाणिकपणा दाखवला आहे. ‘अंपायर्स कॉल’ला लोक कितीही शिव्या देवोत, त्याचा अर्थ एवढाच की यंत्राला इथे खात्री नाही, सबब मैदानावरचा निर्णय कायम. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०२१-२२ च्या हंगामात ऑफसाइडच्या रेषा जाड केल्या आणि शंकेचा फायदा आघाडीवीराला दिला, तेही त्याच वाटेवरचं पाऊल होतं.

चेंडू गोलच्या आत गेला की नाही हे सांगणाऱ्या गोलरेषेच्या तंत्रज्ञानावर मात्र कुणी फारसं भांडत नाही. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या चांगला आत पडूनही गोल दिला गेला नाही. २०१४ च्या विश्वचषकात हे तंत्रज्ञान आलं आणि तो प्रश्न जवळपास मिटला. जवळपास म्हणायचं कारण, जून २०२० मध्ये ॲस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्यात गोलच्या सातही कॅमेऱ्यांच्या आड खेळाडू आणि खांब आले आणि यंत्र गप्प राहिलं. तरी इथला प्रश्न निव्वळ मोजमापाचा आहे: चेंडू पूर्ण ओलांडला की नाही? २०२२ मध्ये जपानच्या काओरू मितोमाने स्पेनविरुद्ध बाहेर जाणारा चेंडू परत आत वळवला आणि त्यावर गोल झाला, तेव्हा जगभर ओरड झाली. चेंडू जमिनीला टेकलेला बिंदू रेषेबाहेर स्पष्ट दिसत होता. पण चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर. टेकलेला बिंदू रेषेबाहेर दहा सेंटिमीटर गेला तरी चेंडूचा फुगवटा वरून रेषेवर असू शकतो. बाजूने पाहणाऱ्याला ते दिसत नाही, वरून पाहणाऱ्याला लगेच दिसतं.

हँडबॉल, म्हणजे चेंडूला हात लावण्याचा गुन्हा, किंवा धसमुसळेपणा ठरवताना मात्र कितीही कॅमेरे लावा, मोजण्यासारखं फार थोडं हाती लागतं. आणि इथेच स्लो मोशन घात करतं. तीन मीटरवरून सेकंदाला २० मीटर वेगाने मारलेला चेंडू ०.१५ सेकंदात हातावर येतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. हात काढायला वेळच नव्हता! पण तेच दृश्य चौपट हळू दाखवलं की ०.६ सेकंद होतात, आणि आपल्याला वाटतं, ‘याने मुद्दाम हात ठेवला.’ अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली गुन्ह्याच्या चित्रफिती लोकांना दाखवून हेच तपासलं. हळू चित्रफीत पाहणाऱ्यांना कृत्य जास्त हेतुपुरस्सर वाटलं. पडद्यावर घड्याळ दाखवूनही हा परिणाम पूर्ण गेला नाही. फुटबॉल रेफरींवरच्या अभ्यासातही स्लो मोशनमध्ये तीच टक्कर पाहणारे जास्त कडक कार्ड दाखवताना आढळले. म्हणून व्हीएआरच्या नियमांतच सूचना आहे, की स्पर्श कुठे झाला ते हळू पाहा, किती जोरात झाला ते मूळ वेगात पाहा.

आणि यंत्र बरोबर असूनही माणूस घोळ घालतोच. सप्टेंबर २०२३ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियासचा वैध गोल ऑफसाइड ठरला. व्हीएआरच्या खोलीतल्या पंचांना खेळाडू ऑनसाइड, म्हणजे नियमात, दिसला होता. पण मैदानावर गोल दिलाय अशा समजुतीत त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ असं कळवलं आणि रद्द झालेला गोल रद्दच राहिला.

जून २०२४ मध्ये वुल्व्ह्ज या इंग्लिश क्लबने व्हीएआर बंद करण्याचा ठराव प्रीमियर लीगसमोर मांडला, तो १९ विरुद्ध १ असा फेटाळला गेला. स्वीडनच्या क्लबांनी मात्र पाठीराख्यांच्या रेट्यामुळे व्हीएआर घेतलाच नाही. नॉर्वेत जुलै २०२४ मध्ये प्रेक्षकांनी मैदानावर चक्क माशाच्या टिक्क्या फेकून सामना बंद पाडला. तिथल्या संघटनेने मार्च २०२५ मध्ये मतदान घेऊन व्हीएआर ठेवायचं ठरवलं. टिक्क्या फेकणाऱ्यांना मिलिमीटरशी देणंघेणं नव्हतं. गोल झाल्यावर शेजारच्याला मिठी मारायची, की आधी रेफरीच्या कानाकडे पाहायचं, एवढंच त्यांना कळेनासं झालं होतं.