संभाषणातील साक्ष (ख्रिस्ती परंपरा)

ख्रिस्ती व्यक्तीने एकांतात केलेले शास्त्रवाचन, मनन आणि प्रार्थना यांतून तिच्या मनात जे साठते, ते ठरवून केलेल्या प्रवचनातून नव्हे, तर रोजच्या बोलण्याचालण्यातून शेजारी, सहकारी किंवा सहप्रवासी यांच्यापर्यंत पोहोचणे, या आचाराला मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चच्या समुदायांत) ‘साक्ष देणे’ असे म्हणतात. सुवार्ताप्रसाराच्या सभा, पत्रके वाटणे किंवा धर्मविषयक वादविवाद यांपासून हा प्रकार वेगळा मानला जातो. ‘साक्ष’ हा शब्द मराठी माणसाला आधी कोर्टात नेतो आणि ते अर्थाला धरूनच आहे : साक्षीदाराने स्वतः पाहिलेले सांगायचे असते, बाजू मांडण्याचे काम वकिलाचे. बायबलच्या नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही साक्षीदार असाच असून, पुढे श्रद्धेपायी प्राण देणाऱ्यांसाठी युरोपीय भाषांतला शब्द (इंग्रजीत ‘मार्टर’) त्यावरूनच आला.

या आचाराचा शास्त्राधार म्हणून बायबलमधील मत्तय १२:३४ आणि लूक ६:४५ ही वचने नेहमी दाखवली जातात. अंतःकरणात जे भरून राहिले आहे तेच तोंडावाटे बाहेर येते, असा त्यांचा आशय आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी (शोमरोन प्रांतातली) स्त्री विहिरीवर येशूशी बोलते आणि आपली घागर तिथेच टाकून गावात सांगायला धावते. पाणी भरायला आलेली बाई घागर विसरते, यातच या कथेचे सगळे मर्म आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रातील ३:१५ मात्र एक अट घालते : आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असावे, पण ते सौम्यतेने व आदराने द्यावे. म्हणजे प्रश्न समोरच्याने विचारलेला असणे येथे गृहीत धरले आहे. उत्साही उपदेशकांच्या हातून नेमके हेच सुटते.

याच्या अगदी उलट वाटणारे वचन मत्तय ६:६ मध्ये आहे. प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्त असणाऱ्या पित्याची प्रार्थना कर, असे येशू तिथे सांगतो. मुंबईत हे वचन वाचताना एक स्थानिक अडचण येते, कारण गिरगाव, भायखळा, परळ, माझगाव या भागांतील चाळीत ‘खोली’ म्हणजे घरातला एक कोपरा नसून सगळे घरच असते आणि तिचे दार दिवसभर उघडे असते. पहाटे नळाला पाणी यायच्या आत एखादी बाई स्टोव्हच्या बाजूला बसून बायबल उघडते, ओठांतल्या ओठांत वाचते, मग डोळे मिटते. गॅलरीतून बादली घेऊन जाणारी शेजारीण हे वर्षानुवर्षे पाहत असते. केव्हातरी तिच्या घरी आजारपण येते आणि ती उंबऱ्याशी थांबून म्हणते, “वहिनी, तुम्ही सकाळी बसता ना, तेव्हा आमच्या बाबूचं नाव घ्या.” मुंबईतील साक्षीची सुरुवात बहुतेक वेळा अशी, दुसऱ्याच्या तोंडून झालेली आढळते. गुप्त भक्ती इथे मुळात फारशी गुप्त राहतच नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १ टक्का होती, हे लक्षात घेतले तर असा शेजार बहुधा ख्रिस्तीतरच असणार, हे उघड आहे.

शहराच्या इतिहासात मात्र आधी वाद आला, संवाद नंतर. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईत आले. १८२९ मध्ये आलेल्या स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी पुढच्या दोन वर्षांत हिंदू पंडितांशी जाहीर वाद केले आणि मोरभट दांडेकरांनी त्यांना ग्रंथरूपाने उत्तर दिले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर जे वाद झाले ते ऐकायला मोठा जमाव जमत असे, आणि त्यांचे वृत्तांत पुढे पुस्तकरूपानेही निघाले. अशा वादात कोण जिंकले हे दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या परीने सांगत राहिले; कोणाचे मन वळले याची नोंद शोधावी लागते.

त्या किनाऱ्यावर ख्रिस्ती बाजूने उभे राहणाऱ्यांत जॉर्ज बोवेन (१८१६–१८८८) हे होते आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे उरलेले आयुष्य त्या वादापेक्षा महत्त्वाचे आहे. १८४८ मध्ये मुंबईत आल्यावर त्यांनी लवकरच मिशनचा पगार सोडला, लहानशा जागेत अत्यंत साधेपणाने राहू लागले आणि सुमारे चाळीस वर्षे रोज रस्त्यावर लोकांशी बोलत राहिले. ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र त्यांनी दीर्घकाळ चालवले, आणि रोजच्या मननासाठी त्यांनी लिहिलेले लेखन इंग्रजी वाचकांत पसरले. त्यांच्या हातून झालेली धर्मांतरे फारच थोडी. मिशनच्या अहवालांच्या मापाने हे अपयशच होते. तरीही त्यांना ओळखणाऱ्या अनेकांना, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही आले, हा माणूस साधू वाटला. कुलाब्याजवळचे बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च त्यांच्या नावाने आजही उभे आहे.

एकांतातली भक्ती आणि तिचे दुसऱ्यापर्यंत पोहोचणे यांतील ताण सर्वांत स्पष्ट दिसतो तो पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेली ही संस्था उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होती. तिथे धर्मशिक्षण द्यायचे नाही आणि प्रत्येकीला आपापल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक असावी, असे ठरले होते. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या होत्या. १८९० मध्ये सदन पुण्याला हलल्यावर बोभाटा झाला तो असा की बाई सकाळी आपल्या मुलीसह प्रार्थना करतात तेव्हा खोलीचे दार उघडे असते आणि विद्यार्थिनी आत येऊन बसतात. रमाबाईंचे म्हणणे होते की आपण कोणाला बोलावत नाही, पण आपल्याच घरात दार लावून प्रार्थना करण्याचेही आपल्याला कारण नाही. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या आणि १८९३ मध्ये न्या. रानडे, रा. गो. भांडारकर आदी सल्लागार बाजूला झाले. दोन्ही पक्षांना आपली बाजू होती. मुली विधवा व परावलंबी असताना बाईंचे नुसते जगणेही त्यांच्यावर वजन टाकत होते, ही टीकाकारांची शंका पोकळ नव्हती. आणि भक्ती करणाऱ्याने ती लपवून करावी, हा आग्रह रमाबाईंना मान्य होण्यासारखा नव्हता. साक्ष कोठे संपते आणि दडपण कोठे सुरू होते, हा मराठी ख्रिस्ती जीवनातला प्रश्न तेव्हापासून त्या अर्ध्या उघड्या दारात उभा आहे.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची कथा याच्या दुसऱ्या टोकाची. १८९० च्या दशकाच्या आरंभी राजनांदगावकडे जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे संस्कृत काव्यावर बोलणे निघाले; त्या प्रवाशाने उतरताना त्यांना नव्या कराराची प्रत दिली. या गृहस्थाचे नाव टिळकांना शेवटपर्यंत कळले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये. मधल्या काळात घरातली ताटातूट, माहेरच्यांची समजावणी आणि स्वतःच्या मनातली उलथापालथ यांतून त्या गेल्या. नवऱ्याच्या बोलण्याने त्या ख्रिस्ती झाल्या असे म्हणणे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या कोणालाही पटणार नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. अभंग, भजन आणि कीर्तन हे प्रकार ख्रिस्ती उपासनेत रुळवण्यामागे त्यांची ही धारणा होती. मराठी भाषकाला देवाविषयी उघड बोलण्याची, रस्त्याने गात जाण्याची सवय संतांनी लावून ठेवलेली आहे, त्यामुळे साक्षीसाठी नवा ढंग आयात करण्याची गरज नाही, हे टिळकांइतके नेमके कोणी ओळखले नव्हते.

मुंबईच्या मूळ रहिवासी असलेल्या ईस्ट इंडियन कॅथलिकांत बोलण्यापेक्षा दिसण्याला जास्त महत्त्व आहे. त्यांची मराठी बोली वेगळी आहे, गावठाणे वांद्रे, माझगाव, गोराई, मनोरी अशी विखुरलेली आहेत आणि बहुतेक गावठाणांत रस्त्याच्या कडेला क्रूस असतो. यांतले वांद्र्यातील अनेक क्रूस १८९६ च्या प्लेगच्या काळात उभे राहिले. संध्याकाळी क्रुसापुढे मेणबत्त्या लावून लादिन (सामूहिक विनवणीची प्रार्थना) म्हणतात आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. वाटीभर चणे घेणारा पोरगा कोणत्या धर्माचा आहे हे कोणी विचारत नाही, आणि तो ‘हे कशासाठी?’ असे विचारतो तेव्हा प्लेगपासूनची गोष्ट निघते. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी होणारी नोव्हेना (विशेष प्रार्थना) आणि सप्टेंबरातली वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा यांना येणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. नोव्हेनेत भाविकांची विनवणीची आणि आभाराची पत्रे मोठ्याने वाचून दाखवतात. हीसुद्धा एक प्रकारची लिखित साक्षच होय, फक्त ती देणारा निनावी राहतो.

कॅथलिक शिकवणीत या आचाराला अलीकडे स्पष्ट शब्द मिळाले. पोप सहावे पॉल यांनी १९७५ मध्ये शब्दांविना दिलेल्या साक्षीला अग्रक्रम दिला, तर पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या प्रबोधनपत्रात रस्त्यावर, कामावर, प्रवासात होणाऱ्या अनौपचारिक संभाषणाविषयी लिहिताना क्रम सांगितला : आधी समोरच्याचे सुखदुःख ऐकणे, मग वचन, आणि योग्य वाटल्यास एक छोटी प्रार्थना.

व्यवहारात निमित्ते साधीच असतात. राखेच्या बुधवारी (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) सकाळची मिसा (चर्चमधील उपासना) करून ऑफिसात येणाऱ्याच्या कपाळावर राखेची खूण असते, आणि लोकलमध्ये कोणीतरी ‘काही लागलंय तुम्हाला’ म्हणून रुमाल पुढे करतो; गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) वापरलेल्या झावळ्या जाळून केलेली ही राख आहे आणि माणूस माती आहे याची ती आठवण, एवढे सांगायला दादर ते चर्चगेट हे अंतर पुरते. भस्म लावणाऱ्या श्रोत्याला यात परके असे फार थोडे वाटते. नाताळात मराठी ख्रिस्ती घरांतून करंज्या, शेव, शंकरपाळ्यांचे ताट शेजारी जाते, कारण दिवाळीत आलेले ताट रिकामे परत करायचे नसते. परळच्या रुग्णालयांबाहेर फुटपाथवर दिवस काढणाऱ्या नातेवाइकांजवळ बसून ‘प्रार्थना करू का?’ असे विचारणारे लोकही असतात. इथे आधी विचारणे आणि नकार निमूट स्वीकारणे यावर सर्व काही अवलंबून आहे, कारण संकटातला माणूस नाही म्हणायला कचरतो.

भाषेचा अडथळा मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. मंडळीत वाढलेल्याच्या बोलण्यात ‘तारण’ (पापातून सुटका), ‘देवाचा कोकरा’ (येशू), ‘नवा जन्म’ हे शब्द सहज येतात. शेजाऱ्याच्या कानाला ‘तारण’ म्हणजे सोने ठेवून काढलेले कर्ज. ‘तुमचं तारण झालं आहे का?’ या प्रश्नाला ‘हो, सोसायटीकडे, अजून दोन वर्षं आहेत’ असे उत्तर आले तर दोष ऐकणाऱ्याचा नाही. अनुभवी पाळक (मंडळीचे धर्मगुरू) म्हणूनच तरुणांना शास्त्रातले शब्द बाजूला ठेवून आपल्यावर काय गुजरले तेवढेच सांगायला लावतात. असे सांगायला लागले की पुष्कळांना कळते की सांगण्यासारखे ताजे काही नाही, जुनीच साक्ष दरवर्षी उगाळली जात आहे. मग त्यांना पुन्हा पहाटेच्या मननाकडे वळावे लागते.

कायद्याच्या दृष्टीने संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्म मानणे, आचरणे आणि त्याचा प्रसार करणे हे तिन्ही हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत दिले आहेत. ‘प्रसार’ या शब्दावर संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये चर्चा झाली आणि तो कायम राहिला. मात्र १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय दिला. गांधीजींनी मिशनऱ्यांना गुलाबाचा दाखला दिला होता : गुलाब आपल्या सुगंधाविषयी बोलत नाही. ख्रिस्ती विचारवंतांनी यावर अशी पुस्ती जोडली की माणूस हा बोलणारा प्राणी आहे आणि विचारल्यावरही गप्प राहणे हा एक प्रकारचा दुरावा ठरतो. मुंबईत हा मतभेद प्रत्यक्षात फारसा तीव्र होत नाही, कारण इथे लोक एकमेकांना विचारतातच.

गेल्या काही दशकांत चाळींच्या जागी उंच इमारती आल्या, तसा या आचाराचा पायाही हलला. फ्लॅटचे दार बंद असते आणि त्यापुढे लोखंडी जाळीचे दुसरे दार असते. पहाटे कोण वाचत बसले आहे हे शेजाऱ्याला दिसत नाही. त्याची जागा सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर येणाऱ्या वचनाने घेतली आहे, ज्यात फुलांच्या चित्रावर एक ओळ छापलेली असते आणि जे पाठवणाऱ्यानेही पुष्कळदा वाचलेले नसते. याला साक्ष म्हणावे की नाही याविषयी मंडळ्यांत मतभेद आहेत. काही पाळक आता घरगुती प्रार्थनासभेच्या दिवशी पुढचे दार तासभर उघडे ठेवायला सांगतात, आणि सोसायटीचा वॉचमन कधी कधी चपला मोजत तिथे उभा राहतो.