मंदीच ठरवते जहाजाचं वय

पार्श्वभूमी

२०१६ च्या अखेरीस ‘इंडिया रिकमर्स’ नावाचं एक कंटेनर जहाज भंगारात विकलं गेलं. बांधणी २००९ ची, म्हणजे वय अवघं सात वर्षांचं. कंटेनर जहाज बांधताना ते पंचवीस वर्षं चालेल असा हिशेब धरतात आणि नीट राखलं तर ते तीस वर्षंही पाणी कापतं. सातव्या वर्षी अशा जहाजाचं लोखंड थकत नाही आणि इंजिनही थकत नाही. तरी ते मोडीत निघालं, कारण त्या वर्षी त्याला चालवण्यापेक्षा लोखंडाच्या भावात विकणं मालकाला परवडत होतं.

कंटेनर जहाजांच्या सत्तर वर्षांच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं. जहाजाचं मरण त्याच्या गंजावरून ठरत नाही. ते ठरतं भाड्याच्या दरावरून, पोलादाच्या भावावरून, आणि कधीकधी हजारो मैल दूरच्या एखाद्या कालव्याच्या रुंदीवरून.

या धंद्याची सुरुवात २६ एप्रिल १९५६ ची मानतात. त्या दिवशी अमेरिकेतल्या नेवार्कहून ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन ह्युस्टनकडे निघालं. मालक होते माल्कम मॅक्लीन, मूळचे ट्रकवाले. पुढे त्यांनी युनायटेड स्टेट्स लाइन्स विकत घेतली आणि तेलाचे भाव चढलेले असताना कोरियात बारा प्रचंड, पण मुद्दाम संथ गतीची, इंधन वाचवणारी जहाजं बांधून घेतली. ती पाण्यात उतरली तोवर तेल गडगडलं होतं आणि संथपणाचा फायदा संपला होता. नोव्हेंबर १९८६ मध्ये कंपनीनं दिवाळं जाहीर केलं आणि जहाजं नांगरून पडली. दोन वर्षांनी ती सगळी बांधणीच्या खर्चाच्या एका तुकड्यात सी-लँड या कंपनीकडे गेली. गंमत अशी की, सी-लँडही मूळची मॅक्लीन यांनीच उभी केलेली. मालक बुडाला तरी जहाजं वाचली, कारण तेव्हा एवढ्या मोठ्या जहाजांना काम देऊ शकणारा कोणी तरी बाजारात होता. २०१६ मध्ये तसा कोणी उरला नव्हता.

असं का झालं, हे कळायला पनामा कालव्याकडे जावं लागतं. १९१४ साली खुल्या झालेल्या या कालव्याच्या जुन्या जलपाशांतून, म्हणजे जहाज वर-खाली नेणाऱ्या दरवाजेबंद हौदांतून, सुमारे ३२.३ मीटरपेक्षा रुंद जहाज जात नसे. त्यामुळे अनेक दशकं जहाज बांधणाऱ्यांनी त्या मापाला घासून जहाजं काढली, त्यांना पनामॅक्स म्हणतात. रुंदी वाढवता येत नाही म्हणून लांबी वाढवायची, आणि चार ते पाच हजार टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनर, बसवायचे. या लांबट, अरुंद देहाला एक खोड होती. तोल सांभाळायला बरंच पाणी पोटात घेऊन फिरावं लागे, म्हणून कागदावरच्या क्षमतेएवढे भरलेले कंटेनर त्यावर प्रत्यक्षात चढत नसत. कालवा अरुंद होता तोवर ही खोड चालून गेली.

ही जहाजं एवढ्या संख्येनं बांधली गेली त्यामागे जर्मनीचा पैसा होता. तिथे एक खास भागीदारीची पद्धत होती, केजी नावाची. हॅम्बुर्गचा एखादा जहाजमालक एका जहाजासाठी एक स्वतंत्र कंपनी काढी. डॉक्टर, दंतवैद्य, वकील असे सुखवस्तू लोक करसवलतीच्या ओढीनं तिच्यात बचत गुंतवत, उरलेला मोठा हिस्सा बँक कर्जानं देई. मालक ते जहाज मर्स्क, हांजिन अशा मोठ्या कंपन्यांना भाड्यानं देऊन मोकळा. एके काळी जगातल्या कंटेनर जहाजांपैकी जवळपास तिसरा हिस्सा अशा जर्मन मालकांच्या नावावर होता. ज्यांनी आयुष्यात जहाजाच्या शिडीवर पाय ठेवला नाही, अशा माणसांच्या बचतीवर जगाचा माल फिरत होता. २००५ च्या सुमारास चीनची निर्यात वाढत होती, भाडी चढत होती, आणि या लोकांना दरवर्षी परतावा मिळत होता. हा परतावा कधीही थांबू शकतो, हे त्यांना कोणी नीट सांगितलं असेल असं वाटत नाही.

२००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक कोसळली आणि २००९ मध्ये जगाची कंटेनर वाहतूक इतिहासात पहिल्यांदा घटली. त्या वर्षाच्या शेवटी जगातल्या ताफ्याची दहा टक्क्यांहून जास्त क्षमता कामाविना उभी होती. सिंगापूर आणि जोहोरच्या समुद्रात, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या फाल नदीत जहाजांच्या रांगा लागल्या. मर्स्कनं तर स्कॉटलंडमधल्या लॉक स्ट्रायव्हन या शांत खाडीत आपली जहाजं एकमेकांना बांधून ठेवली.

जहाज उभं ठेवणं हा काही फुकटचा कारभार नाही. लवकर काम मिळेल अशी आशा असेल तर खलाशी कमी करून यंत्रं चालू ठेवतात. आशा नसेल तर सगळं बंद करून एक-दोन राखणदार ठेवतात, पण मग पुन्हा सुरू करायला मोठा खर्च येतो. त्यात दर पाच वर्षांनी जहाज ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या गोदीत, घेऊन मोठी तपासणी करून घ्यावी लागते, तिच्याशिवाय विमा नाही आणि कामही नाही. मंदीत जहाजाच्या जिवावर बेततं ते याच वेळी. तपासणीला दहा-पंधरा लाख डॉलर घालायचे आणि पुढे भाडं मिळेलच याची खात्री नाही, अशा पेचात सापडलेला मालक भंगाराचा भाव विचारतो.

२००९ मध्ये बरीच जहाजं यातून वाचली. एक तर कंपन्यांनी वेग कमी केला. चोवीस-पंचवीस नॉटनं धावणारी जहाजं अठरा-वीसवर आणली. इंधन वाचलं आणि तोच माल तेवढ्याच वेळात पोचवायला जास्त जहाजं लागू लागली. शिवाय २०१० मध्ये व्यापार झपाट्यानं सावरला. पण त्या सावरण्यातच पुढच्या संकटाचं बी पडलं. २०११ मध्ये मर्स्कनं अठरा हजार टीईयूची महाकाय जहाजं मागवली, इतर कंपन्या मागे कशा राहतील? मागणी वाढत होती, पण जहाजांची क्षमता तिच्या पुढे धावत होती. एका फेरीत जास्त माल म्हणजे प्रत्येक कंटेनरमागे कमी खर्च, हे गणित एकेका कंपनीपुरतं अगदी बरोबर होतं. सगळ्यांनी एकदम मांडल्यावर त्यातून दरांची कत्तल झाली.

मग २०१६ उजाडलं. २६ जूनला पनामा कालव्याचे नवे, रुंद जलपाश सुरू झाले आणि ‘कॉस्को शिपिंग पनामा’ हे नऊ हजारांहून अधिक टीईयूचं जहाज त्यातून पहिलं पार गेलं. ४९ मीटर रुंदीची जहाजं आता जाऊ शकत होती. जुन्या मापाच्या पनामॅक्सची गरज त्या मार्गावर काही महिन्यांत संपली. ३१ ऑगस्टला जगातली सातव्या क्रमांकाची कंपनी, कोरियाची हांजिन, दिवाळखोरीत गेली. पैसे बुडतील या भीतीनं बंदरं तिची जहाजं आत घेईनात. सुमारे १४०० कोटी डॉलरचा माल समुद्रावर अडकला. तिनं भाड्यानं घेतलेली जहाजं मालकांकडे परत आली आणि आधीच तुंबलेल्या बाजारात भर पडली. पनामॅक्सचं दिवसाचं भाडं पाच हजार डॉलरच्या आसपास घुटमळत होतं. एवढ्यात खलाशांचे पगार, विमा आणि डागडुजीच जेमतेम निघते, कर्जाचा हप्ता तर दूरच.

भंगाराचं गणित साधं असतं. रिकाम्या जहाजाचं जे वजन, त्याच्या टनामागे भाव. पनामॅक्सचं असं वजन पंधरा ते वीस हजार टन. टनाला तीनशे डॉलर धरले तर ४५ ते ६० लाख डॉलर हातात येतात. हीच जहाजं बांधायला सहा कोटी डॉलरच्या घरात खर्च झाला होता. त्या एका वर्षात सुमारे साडेसहा लाख टीईयू क्षमतेची जहाजं मोडीत निघाली. तोवरचा तो उच्चांक होता. हॅम्बुर्गच्या दंतवैद्यांची बचत तर गेलीच, शिवाय पूर्वी मिळालेला परतावा परत करा अशा नोटिसा अनेकांच्या हाती पडल्या. जहाजांना सढळ कर्ज देणारी एचएसएच नॉर्डबँक शेवटी २०१८ मध्ये खाजगी गुंतवणूकदारांना विकावी लागली. तिची मालकी असलेल्या हॅम्बुर्ग आणि श्लेस्विग-होल्स्टाइन या दोन राज्यांच्या करदात्यांना तिच्यापायी अब्जावधी युरोंची झळ बसली.

विकलेलं जहाज मालकाकडून थेट तोडणीच्या किनाऱ्यावर जात नाही. मध्ये रोख खरेदीदार असतो. तो पैसे मोजून जहाज ताब्यात घेतो, नवा झेंडा लावतो, बहुतेकदा कोमोरोस, पलाऊ किंवा सेंट किट्स अँड नेव्हिसचा, आणि मोजक्या खलाशांसह ते भारत, बांगलादेश किंवा पाकिस्तानकडे रवाना करतो. मूळ मालकाचं नाव कागदावरून पुसलं जातं. युरोपातल्या कंपन्यांना या वाटेचा फार उपयोग झाला, कारण युरोपातलं धोकादायक जहाज दक्षिण आशियाच्या वाळूवर पाठवायला तिथला कायदा बंदी करतो. २०१८ मध्ये रॉटरडॅमच्या न्यायालयानं सीट्रेड या डच कंपनीला याच गुन्ह्यासाठी दंड केला.

भारतात हे काम म्हटलं की गुजरातमधलं अलंग आठवतं, पण अलंगच्या आधी मुंबई होती. रे रोड आणि शिवडीच्या मधल्या दारूखान्यात जहाजं तोडण्याचा धंदा कितीतरी जुना आहे. आजही तिथे लहान जहाजं निघतात. नौदलाची जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ २०१४ मध्ये तिथेच मोडली गेली. मोठ्या जहाजांना मात्र दारूखान्यात वाव नव्हता. अलंग ज्याच्या काठावर आहे त्या खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या आसपास असतो, किनारा लांबलचक आणि उतरता. १३ फेब्रुवारी १९८३ ला ‘कोटा तेंजोंग’ हे जहाज अलंगच्या वाळूवर चढलं आणि मासेमारीचं एक गाव जगातलं सर्वांत मोठं जहाज-भंगारखानं बनलं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला कप्तान जहाज पूर्ण वेगात किनाऱ्यावर घालतो. पाणी ओसरलं की ते तिथेच रुततं. मग गॅसकटर घेऊन कामगार चढतात. कापलेल्या जाड पत्र्यांचा मोठा भाग वितळवलाही जात नाही. भावनगर-सिहोरच्या रोलिंग मिलमध्ये तापवून त्याच्या थेट सळया ओढतात.

कापणारी माणसं येतात उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून. त्यांच्या संघटनेची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे, आणि मराठी वाचकांत ती फारशी सांगितली जात नाही. मुंबई पोर्ट ट्रस्ट डॉक अँड जनरल एम्प्लॉईज युनियननं आधी दारूखान्यातल्या तोडणी कामगारांना आणि मग अलंगच्या कामगारांना एकत्र केलं. पहिल्या मागण्या पगाराच्या नव्हत्या. प्यायचं पाणी आणि जखम झाल्यावर पहिला उपचार, एवढ्यासाठी झगडावं लागत होतं. १४ ऑक्टोबर २००३ ला सर्वोच्च न्यायालयानं घातक कचऱ्याबाबत आदेश देताना जहाजं आधी विषारी पदार्थांपासून मोकळी करून आणावीत असं बजावलं. ॲस्बेस्टॉस, तेलाचा गाळ, टाक्यांत कोंडलेला वायू यांनी माणसं मरत होती, तेव्हा भंगाराच्या भावात या कशाचाच हिशेब नव्हता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय तोच आहे. मंदीत मालकाचा तोटा कमी होतो, कारण उरलेला तोटा कोणाच्या तरी फुप्फुसात जातो.

२०१६ नंतर जे घडलं ते त्या वर्षी कोणाला सांगून पटलं नसतं. ‘इंडिया रिकमर्स’चा मालक असलेला रिकमर्स मेरीटाइम हा ट्रस्ट २०१७ मध्ये गुंडाळला गेला. त्याची उरलेली चौदा जहाजं ग्रीक नॅव्हिओस समूहानं सगळी मिळून १२ कोटी डॉलरच्याही आत घेतली. चार वर्षांनी कोविडनंतर माल ओसंडू लागला, बंदरं तुंबली, आणि २०२१ मध्ये याच आकाराच्या जहाजांना छोट्या करारासाठी दिवसाला लाख डॉलरहून अधिक भाडं मिळालं. वाळूवर चढलेली तरुण जहाजं तेव्हा असती तर दोन-तीन महिन्यांत आपली भंगाराची किंमत कमावून बसली असती. आता उलट झालं, भंगारात कोणी जाईना. एमएससी कंपनीनं ऑगस्ट २०२० पासून शेकडो जुनी जहाजं विकत घेतली आणि जानेवारी २०२२ मध्ये मर्स्कला मागे टाकून पहिला क्रमांक पटकावला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, अंतर वाढलं, आणि म्हाताऱ्या जहाजांना पुन्हा काम मिळालं.

या लांबलेल्या आयुष्याची एक बाजू आपल्या किनाऱ्यानं पाहिली. २५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे १९९७ सालचं जहाज कोचीजवळ बुडालं. खलाशी सगळे वाचले. पण ६४० कंटेनर पाण्यात गेले, त्यांतल्या काहींत पाणी लागताच पेटणारा वायू सोडणारं कॅल्शियम कार्बाइड होतं, आणि प्लॅस्टिकचे बारीक दाणे केरळच्या वाळूत पसरले. केरळ सरकारनं ९,५३१ कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा लावला. केवळ वयामुळे जहाज बुडतं असं म्हणणं चूक आहे. पण अठ्ठावीस वर्षांचं जहाज अजून फेऱ्या मारत होतं ते बाजारात तेजी होती म्हणून, हे मात्र विसरता येत नाही.

या अपघाताला महिना झाला त्याच सुमारास, २६ जून २०२५ ला, जहाजं सुरक्षितपणे तोडण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार अखेर लागू झाला. तो मंजूर झाला होता २००९ मध्ये. भारत त्यात २०१९ मध्ये आला आणि त्याच वर्षी आपला जहाज पुनर्वापराचा कायदाही झाला. बांगलादेश आणि लायबेरिया २०२३ मध्ये सामील झाल्यावर तो लागू होण्याच्या अटी पुऱ्या झाल्या. आता प्रत्येक जहाजावर घातक पदार्थांची यादी आणि तोडणीच्या प्लॉटला परवाना हवा. वाळूवर चढवून तोडायला मात्र हा करार मनाई करत नाही. युरोपीय संघाच्या मान्य यादीत अलंगचा एकही प्लॉट नाही, त्यामुळे युरोपच्या झेंड्याखालचं जहाज तिथे यायचं तर अजूनही आधी झेंडा बदलावा लागतो.

दरम्यान कोरिया आणि चीनच्या गोद्यांत नव्या कंटेनर जहाजांच्या मागण्यांचा ढीग आहे आणि समुद्रात वीस वर्षांवरची शेकडो जहाजं धावताहेत. तांबडा समुद्र पूर्ण मोकळा झाला की आफ्रिकेच्या वळशानं गिळलेली क्षमता एकदम बाजारात येईल. त्या वेळी ड्राय डॉकची तारीख जवळ आलेले मालक पुन्हा भंगाराचा भाव विचारतील, आणि तो भाव ठरताना अलंगच्या प्लॉटवरची सुरक्षा, दवाखाना आणि ॲस्बेस्टॉस काढण्याचा खर्च त्यात धरायला लावणं या वेळी निदान कागदावर तरी शक्य आहे. त्यासाठी गुजरात मेरीटाइम बोर्डाकडे आणि केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाकडे पुरेसे तपासनीस आत्ताच हवेत, बाजार पडायच्या आधी.